चार गोळ्या शिल्लक

शनिवारी सकाळी वजनकाट्यावर उभी राहून सरोज नारखेडे खोटं बोलली.

काटा त्रेसष्टच्या पुढे सरकून थांबला होता. गुरुवारी तो साडेएकसष्टवर होता. पदर सावरायचं निमित्त करून ती घाईने खाली उतरली आणि दाराशी पेन घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "साडेएकसष्ट."

जयंतने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, शनिवारच्या चौकटीत, आकडा लिहिला. वायुसेनेत अठ्ठावीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस. आता डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. नोंद ठेवणं त्याच्या हाडातच होतं. दोन वर्षांपूर्वी सरोजच्या हृदयाचा स्नायू अशक्त झाल्याचं निदान झालं, तेव्हापासून रोज सकाळी सव्वासहाला ही हजेरी चालू होती. धडधाकट माणसाचं हृदय दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलतं. तिचं जेमतेम पाव भाग ढकलायचं. मग अंगात पाणी उरायचं, ते पायात उतरायचं, पोटात साचायचं, फार झालं की फुप्फुसात चढायचं. म्हणून रोज पाण्याची गोळी. म्हणून मिठावर बंधन, पाणी मोजून, आणि रोज वजन. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट पाहायची नाही, फोन करायचा.

सरोज काही अडाणी नव्हती. हे सगळं तिला पाठ होतं. तिच्या हाताचे बिबडे आणि नागलीचे पापड एकेकाळी चंदीगडमधल्या निम्म्या मराठी घरांत जायचे. पापडखार हृदयाला चालत नाही म्हटल्यावर तिने स्वतः ते खाणं एका दिवसात सोडलं होतं. मुलगी आश्लेषा मोहालीत एका कंपनीत नोकरीला होती, घरातही हिंदीतच बोलायची. ती मैत्रिणींना सांगायची, मम्मीसारखा शिस्तीचा पेशंट शोधून सापडणार नाही.

पण उद्या कानबाई होती.

खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप द्यायचं, साडी नेसवायची, नथ घालायची, चौरंगावर मांडायची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मोजून गहू घ्यायचे, ते वेगळे धुवायचे, वेगळे दळायचे, आणि त्याच कणकेच्या पुरणपोळ्यांचा नैवेद्य दाखवायचा. याला रोट म्हणतात. सरोजच्या सासूने तिला लग्नानंतर पहिल्याच बदलीच्या वेळी फैजपूरच्या स्टँडवर सांगितलं होतं, "जिथे जाशील तिथे मांड. पण खंड पाडू नको." जोधपूर, तेजपूर, जामनगर, आणि आता चंदीगडच्या सेक्टर सत्तेचाळीसमधला दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट, सगळीकडे तिने कानबाई मांडली होती. शेजारच्या पंजाबी घरांत आपला श्रावण सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधीच त्यांचा सावन लागलेला असायचा. त्यांना हे काय चाललंय ते कधी कळलं नाही, आणि तिनेही कधी समजावलं नाही.

नारखेड्यांच्या घरात रोटाचं सोवळं कडक. गहू धुतल्यापासून नैवेद्यापर्यंत जेव्हा जेव्हा त्याला हात लावायचा, तेव्हा अंघोळ करून. मध्ये संडास-बाथरूमला जावं लागलं तर पुन्हा डोक्यावरून अंघोळ. आणि पाण्याची गोळी घेतली की दुपारपर्यंत सरोजला सहा-सात वेळा जावं लागायचं. दोन वर्षांपूर्वीची सरोज सात अंघोळी करून पुन्हा कामाला लागली असती. आताची सरोज एका अंघोळीनंतर बाथरूमच्या दाराशी स्टुलावर पाच मिनिटं बसून राहायची.

मागच्या वर्षी तिने कसंबसं निभावलं होतं. या वर्षी तिने वेगळा हिशोब मांडला. गोळी चार दिवसांनी पुन्हा सुरू करता येईल, कानबाई मात्र वर्षातून एकदाच येते. गुरुवारी सकाळी गहू धुवायच्या आधी तिने गोळी डब्यात तशीच राहू दिली. शुक्रवारीही. आज तिसरा दिवस होता.

डॉक्टरांना विचारावं, असं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या मागे पांढऱ्या कोटातली पाच-सहा पोरं उभी असायची, तिच्या आश्लेषाच्या वयाची. डॉक्टर हिंदीत विचारायचे, "पेशाब ठीक आता है, माताजी?" ती खाली बघून म्हणायची, "जी." तिथे सोवळ्याचं काय बोलणार?

आठ वाजता ती गव्हाची पिशवी घेऊन मार्केटमधल्या चक्कीवर गेली. चक्कीवाला दरवर्षी तिच्यासाठी दगड पुसून घ्यायचा आणि पहिलं दळण तिचं घालायचा. पिशवीत तीन किलोही पीठ नव्हतं. तरी परत येताना ती दोनदा थांबली, आणि जिन्यापाशी आल्यावर कठड्याला धरून उभीच राहिली. वर बघितलं तर जिना आज लांबच लांब वाटत होता.

तळमजल्यावरच्या बलबीर कौर दारात भाजी निवडत होत्या. सत्तरीच्या, धिप्पाड, मोकळ्या आवाजाच्या बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांची नजर सरोजच्या पायांवर गेली.

"सरोज, ये तेरे पैरों को क्या हुआ?"

सरोजने खाली पाहिलं. जोडवी मांसात रुतली होती. दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती, घोट्याचं हाड दिसतच नव्हतं.

"गरमी है ना, बहनजी. उमस."

"उमस?" बलबीर उठून जवळ आल्या. "मेरे सरदारजी के भी ऐसे ही सूजे थे. वो भी यही कहते थे."

सरोज हसली. पिशवी छातीशी धरून पायऱ्या चढायला लागली. पाठीमागे बलबीर तशाच उभ्या आहेत हे तिला कळत होतं, म्हणून ती पहिल्या वळणापर्यंत थांबली नाही. वळणावर गेल्यावर मात्र ती पायरीवर बसली. उघड्या तोंडाने, आवाज न करता, तिने श्वास गोळा केला.

दुपारी फैजपूरहून जाऊबाईंचा फोन आला. रोट दळून झाला का, नारळ चांगला मिळाला का, सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज का गं असा? धाप लागल्यासारखा?"

"जिना चढून आले ना."

"त्या गोळ्यांनी रक्त आटतं म्हणतात, बाई. सणासुदीला नको घेत जाऊ. पाणी पी भरपूर. अर्जुनाची साल पाठवू का?"

"पाठवा," सरोज म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं. आपण करतोय ते अगदीच चूक नाही, असं म्हणणारं कुणीतरी भेटलं होतं.

त्या रात्री तिला दोन उशांवर झोप लागेना. तिसरी घेतली. मग भिंतीला टेकून बसूनच राहिली. खोकला आला की तोंडावर पदर दाबायची. जयंतने कुशीवरून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "पीठ चाळलं ना, नाकात गेलं." त्याने कूस बदलली.

रविवारी चार वाजता उठून तिने अंघोळ केली. वजनाला उभी राहिलीच नाही. सोवळ्यात आहे, म्हणाली. जयंतने कॅलेंडरची चौकट रिकामी सोडली. सकाळचं पाणीसुद्धा तिने घेतलं नव्हतं, नैवेद्यापर्यंत निर्जळ. साडेआठपर्यंत चौरंगावर देवी सजली. समई लागली. ती दुसऱ्या दिवशी विसर्जनापर्यंत विझू द्यायची नसते. मग सरोजने पुरण वाटलं, गंगाफळाची भाजी फोडणीला टाकली, खीर आटवायला ठेवली. बाहेर ढग दाटले होते, वारा पडला होता, आणि गॅसजवळ उभं राहिल्यावर तिच्या कपाळावरून घाम थेंबाथेंबाने कणकेत पडेल की काय अशी तिला भीती वाटत होती. ती खाली बसून पोळ्या लाटायला लागली. नैवेद्याला पाच लागत.

जयंत दूध आणि फुलं आणायला गेला होता. आश्लेषा बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला स्वयंपाकघरात यायला मनाई होती, नाहीतरी रोटाच्या मोजणीत मुली धरत नाहीत. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, माझ्या नावाचे गहू कुठे आहेत? आईने सांगितलं होतं, तुझे तुझ्या सासरी. त्यानंतर तिने या सणाबद्दल काही विचारलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला तिला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं कुकर असेल. मग कळलं, तो आईचा श्वास होता. ओल्या फडक्यातून कुणीतरी हवा ओढत असावं तसा.

ती दारात आली. सरोज पोळपाटावर दोन्ही हात टेकून, मान पुढे काढून बसली होती. ओठांचा रंग वेगळाच दिसत होता.

"मम्मी?"

"आत येऊ नको."

आश्लेषा आत आली नाही. ती सरळ बेडरूममध्ये गेली आणि गोळ्यांचा डबा उघडला. पाण्याच्या गोळ्यांची पंधराची स्ट्रिप तिनेच आणली होती, मागच्या आठवड्यातल्या सोमवारी, आणि त्याच दिवशी सुरू केली होती. आज चौदावा दिवस. एक गोळी उरायला हवी होती. तिने बोट ठेवून मोजल्या. पाच होत्या.

स्ट्रिप हातात धरून ती पुन्हा दाराशी उभी राहिली. "मम्मी, ये चार ज़्यादा कैसे हैं?"

"हळू बोल. देवी बसलीये."

"चार दिन से नहीं ली?"

"दोन पोळ्या राहिल्यात. नैवेद्य झाला की घेते. आश्लेषा, माझी शपथ आहे, पप्पांना..."

वाक्य पुरं झालं नाही. खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. सरोजने पदर तोंडाला लावला. पदर खाली आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या काठावर गुलाबी फेस होता.

आश्लेषाने कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलेला नंबर लावला. डॉक्टर नेत्रा, हृदयरोगाच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर, अकोल्याच्या. त्यांनीच एकदा कॉरिडॉरमध्ये आडनाव ऐकून हा नंबर दिला होता, काही लागलं तर मराठीत बोला म्हणून. सरोजने दोन वर्षांत एकदाही फोन केला नव्हता.

आश्लेषाने फोन स्पीकरवर टाकला. नेत्राने दोनच प्रश्न विचारले. "काकू, रात्री आडवं होता आलं का?"

"नाही," सरोज म्हणाली.

"खोकल्यातून फेस येतोय?"

आश्लेषा म्हणाली, "गुलाबी है."

"आत्ता निघा. पाणी देऊ नका, झोपवू नका, बसवूनच आणा. मी इमर्जन्सीला सांगून ठेवते. आत्ता म्हणजे आत्ता."

जयंत वर आला तेव्हा त्याच्या एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात झेंडूचा पुडा होता. लेकीचा चेहरा बघून त्याने दोन्ही जमिनीवर ठेवलं आणि गाडीची चावी उचलली. काय झालं हे त्याने विचारलं नाही. आश्लेषाला ते तेव्हाच खटकलं होतं.

सरोज भिंतीला धरून बाहेरच्या खोलीपर्यंत आली, पण दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "शिवू नका. मी नैवेद्य दाखवते. पाच मिनिटं."

"सरोज, चल."

"पाच मिनिटं द्या मला." प्रत्येक शब्दाला एक श्वास लागत होता. "खंड... नाही पाडायचा. एकदा पडला होता."

तिघांनाही ठाऊक होतं ती कशाबद्दल बोलतेय, आश्लेषालासुद्धा, जरी घरात ते कधी कुणी बोललं नव्हतं. कारगिलचं वर्ष. जामनगरच्या क्वार्टरमध्ये सरोज आठ महिन्यांच्या निशांतला घेऊन एकटी होती. जयंत चेन्नईला कोर्सवर. लढाईमुळे सुट्ट्या बंद आहेत, असा त्याचा फोन आला होता. तिला एकशे तीन ताप. त्या वर्षी गहू भिजले नाहीत, कानबाई बसली नाही. बरोबर चाळीस दिवसांनी निशांतला मेंदूज्वर झाला आणि दोन दिवसांत तो गेला. सासूने फोनवर एक शब्दही ठपका ठेवला नव्हता. नुसता सुस्कारा टाकला होता. तो सुस्कारा सरोज पंचवीस वर्षं ऐकत होती.

जयंत तिच्या समोर उभा राहिला. घामेजलेला, बाहेरच्या चपला पायात तशाच.

"खंड तू नव्हता पाडलास," तो म्हणाला. "ऐक. सुट्ट्या ऑगस्टमध्ये उघडल्या होत्या. माझ्याबरोबरचे चार जण घरी जाऊन आले. मी अर्जच केला नाही. कोर्स बुडेल, प्रमोशन मागे पडेल म्हणून. तुला सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं. पाप असेल तर ते माझं आहे. तू त्याच्यासाठी मरू नकोस."

तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते.

"पंचवीस वर्षं?" ती म्हणाली.

जयंतने हात पुढे केला.

तिने चौकटीवरचे हात सोडले. जयंतने पुढे केलेला हात मात्र झिडकारला आणि दोन पावलं स्वतःची स्वतः चालली. तिसऱ्या पावलाला ती खालीच बसली.

पुढचं सगळं घाईत झालं. आश्लेषाने बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून आणली. जयंतने खुर्चीची पाठ धरली, आश्लेषाने पुढचा एक पाय. दुसरा धरायला कुणी नव्हतं, तेवढ्यात खालून बलबीर कौर धापा टाकत वर आल्या. त्यांनी वरचा गोंधळ ऐकला होता. काही न विचारता त्यांनी खुर्चीचा दुसरा पाय उचलला. सोवळ्यातली सरोज तिघांच्या हातांवर दोन मजले खाली उतरली. अरुंद वळणावर खुर्ची भिंतीला घासली, एकदा इतकी कलली की आश्लेषा किंचाळली. बलबीर खालून ओरडत होत्या, "आराम नाल! आराम नाल!"

गाडीत बसवल्यावर सरोजने बलबीरचं मनगट धरलं. बोलायला श्वास नव्हता. तिने वर बोट दाखवलं.

"दीया?" बलबीर म्हणाल्या. "मैं बैठती हूँ उसके पास. तू जा."

हॉस्पिटलपर्यंत रोजचा वीस मिनिटांचा रस्ता. रविवार असूनही प्रत्येक गोल चौकात गाड्या होत्या. जयंत हॉर्नवरून हात काढत नव्हता. मागच्या सीटवर आश्लेषाने आईला छातीशी टेकवून बसवलं होतं. एका चौकात सरोजची मान एकदम कलंडली. आश्लेषा तिच्या गालावर चापट्या मारत म्हणत राहिली, "मम्मी, देखो इधर, मम्मी." आणि मग, कित्येक वर्षांत प्रथमच, मराठीत, "आई, बघ ना गं माझ्याकडे."

सरोजने डोळे उघडले.

इमर्जन्सीच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. तोंडावर घट्ट मास्क, दंडात सुई, लघवीची नळी. मास्कमधून जोराने येणारी हवा तिला गुदमरवत होती; ती तो ओढून काढायला बघायची आणि नेत्रा तिचा हात धरून म्हणायची, "दहा मिनिटं काकू. माझ्याबरोबर श्वास घ्या." दहाची चाळीस झाली. बाहेर बाकावर जयंत आणि आश्लेषा एकमेकांपासून दोन हात अंतर ठेवून बसले होते. तीन वाजता नेत्रा बाहेर आली आणि म्हणाली, "पाणी उतरायला लागलंय. दीड लीटर निघालं. अजून निघेल. अजून चोवीस तास काही सांगता येणार नाही."

"वजन कोण बघतं?" तिने विचारलं. "हे एका दिवसात झालेलं नाही."

"ती सांगते, मी लिहितो," जयंत म्हणाला. "शनिवारी मी पाठीमागून काटा पाहिला होता. त्रेसष्टच्या पुढे होता. तिने साडेएकसष्ट सांगितलं, मी साडेएकसष्ट लिहिलं."

आश्लेषाने वळून पाहिलं. "आपको पता था?"

"उद्या होऊन जाऊ दे, असं वाटलं. मलाही..." खंड पडू नये असं त्यालाही वाटत होतं, जिने शिक्षा भोगली तिच्याहून कदाचित जास्तच.

संध्याकाळी सहा वाजता जयंतने लेकीला कपडे आणायला घरी पाठवलं. आश्लेषा वर गेली तेव्हा बलबीर कौर चुन्नी डोक्यावर घेऊन समईपासून दोन हातांवर बसल्या होत्या आणि आपला पाठ म्हणत होत्या. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. तेल संपत आल्यावर देव्हाऱ्याजवळच्या बाटलीतलं घातलं होतं. कणीक तशीच झाकलेली होती. आश्लेषाने अंघोळ केली, आईची धुतलेली साडी गुंडाळली, आणि उरलेल्या दोन पोळ्या लाटल्या. कुणाला फोन करून विचारलं नाही. पाच पोळ्यांचं ताट तिने कानबाईपुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. मंत्र येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बलबीरला बरोबर घेऊन ती घग्गर नदीवर गेली आणि नारळ पाण्यात सोडून आली.

सरोजला हे तिसऱ्या दिवशी कळलं, वॉर्डात, मास्क निघून नाकात नुसती नळी राहिल्यावर.

"पोळ्या फाटल्या असतील," ती म्हणाली.

"एक फटी," आश्लेषा म्हणाली.

त्याच दुपारी नेत्रा राउंड संपवून एकटीच आली, स्टूल ओढून बसली. ती रागावेल म्हणून सरोजने आधीच तोंड बारीक केलं होतं. नेत्राने विचारलं, "सोवळं किती वाजता सुरू होतं, काकू?"

"चारला, अंघोळ झाली की. पण त्या गोळीनं..."

"त्या गोळीचा जोर पाच-सहा तास असतो. तुम्ही चारला उठता ना? तीनचा गजर लावा, गोळी घ्या. नऊपर्यंत तुमच्या सगळ्या फेऱ्या होतील. मग अंघोळ, मग सोवळं. नैवेद्य बाराचा एकला गेला तर चालतो का?"

सरोज उशीवर सावरून बसली. "चालतो," ती म्हणाली. "संध्याकाळीही चालतो म्हणे."

"निर्जळ मात्र नाही. आणि गोळी बंद करायची असेल तर आधी मला विचारायचं. आमच्या घरी महालक्ष्म्या असतात. माझी आई बीपीची गोळी असंच करते."

"हे कधी कुणी विचारलंच नव्हतं," सरोज म्हणाली.

"हो," नेत्रा म्हणाली. "ते आमचं चुकलं."

सहाव्या दिवशी ती घरी आली. खरी परीक्षा मग सुरू झाली, कारण सरोज जयंतशी बोलेना. भांडलीही नाही. लागेल तेवढंच बोलायची. जयंतने कारखान्यातून महिन्याची रजा काढली. आयुष्यात प्रथमच तो गॅससमोर उभा राहिला. त्याची बिनमिठाची मुगाची भाजी इतकी बेचव होती की आश्लेषा ऑफिसमध्ये जेवून यायची. सरोज मुकाट्याने खायची. पूर्वी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं, लोणच्याच्या खारात बुडवून खाणारी बाई आता नवऱ्याने वाढलेलं पहिलं ताट घेऊन बसायची. तिला ते अवघड जायचं. ताट पुढे आलं की ती दाराकडे बघायची, कुणी येतंय का म्हणून.

दीड महिन्याने, एका दुपारी, तो लिंबू पिळत असताना तिने विचारलं, "त्या कोर्सला पहिले आला होतात ना?"

जयंतचा हात थांबला. "दुसरा."

"दुसरा," सरोज म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. पंचवीस वर्षं निशांतच्या आठवणीने ती जेव्हा जेव्हा रडली होती, तेव्हा स्वतःला कोसत रडली होती. आज ती नुसती त्याच्यासाठी रडली. त्याच्या जावळासाठी, त्याच्या दोन दातांसाठी. जयंत जवळ बसला. तिने त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही. पण तिने त्याला उठून जा असंही म्हटलं नाही.

हिवाळ्यात त्यांनी तो दुसरा मजला सोडला आणि जवळच्या खरड या गावी तळमजल्यावर घर घेतलं, भाड्याने. बलबीर कौर दर पंधरा दिवसांनी बसने तिथे येतात आणि आल्या आल्या सरोजच्या घोट्यावर अंगठा दाबून बघतात.

तब्येत बरी म्हणावी अशी आहे, धडधाकट म्हणावी अशी नाही. हृदयाचं रक्त ढकलणं पंचवीस टक्क्यांवरून तीसवर आलं आणि तिथेच अडलं. परवा नेत्राने सांगितलं, छातीत एक यंत्र बसवावं लागेल. ठोका बिघडला तर ते सांभाळून घेईल. मोठ्या डॉक्टरांच्या मागे पांढऱ्या कोटातली पोरं नेहमीसारखी उभी होती. जयंत कागदावर सही करायला पेन उघडत होता.

"थांबा," सरोज म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि हिंदीत, मोठ्याने, विचारायला सुरुवात केली. भाकरी थापायला हात कधी उचलता येईल? ते यंत्र झटका देतं म्हणतात, तेव्हा माणूस शुद्धीवर असतो का? उन्हाळ्यात फैजपूरला रोज चार-चार तास वीज जाते, तिथे गेले तर चालेल का? आणि नाही बसवलं तर मला किती वर्षं आहेत, ते मला सांगा, यांना नको.

मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटून बाजूला ठेवली, आणि उत्तरं द्यायला लागले.